किडनीचा चार्ट समोर आला की काय करायचं: एकेआय, सीकेडी आणि डायलिसिसचे कोड पायरी-पायरीने

सोलापुरात मेडिकल कोडिंग, म्हणजे पेशंटच्या चार्टमधल्या (केसपेपरमधल्या) निदानाला ठरलेला कोड लावणं, शिकणारी पोरंपोरी आता बरीच दिसतात. बीएस्सी झालेली, बीफार्म, नर्सिंग, बीएचएमएस, आणि जॉब म्हटलं की पुणे नाहीतर हैदराबाद, नाहीतर जुळे सोलापुरात घरी बसून अमेरिकेचे चार्ट. हार्ट येतं, हाडं येतात, फ्रॅक्चरचे सात अक्षरी कोडसुद्धा तोंडपाठ असतात, पण किडनीचा चार्ट आला की ऑडिटमध्ये मार खातात. किडनीत कोड तसे थोडेच आहेत, नियम मात्र भरपूर, आणि आकड्यांचं तर विचारूच नका. क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते), युरिया, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज), पोटॅशियम, युरिन आउटपुट, सगळं रोजच्या रोज. एवढे आकडे दिसले की कोड टाकायला हात शिवशिवतो.

तिथंच थांबायचं बे. किडनीच्या कोडिंगमध्ये आकड्यावरून कोड लावायचा नसतो, डॉक्टरने लिहिलेल्या निदानावरून लावायचा असतो. आकड्याचा उपयोग एवढाच, की डॉक्टरने लिहिलेलं पटतंय का ते बघायचं आणि नाही पटलं तर विचारायचं. हे डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं नुसतं क्रमाने करत जायचं काम आहे.

सुरुवातीला, पुस्तक कुठलं आणि तारीख कुठली

अमेरिकेचे चार्ट करत असाल तर आयसीडी-१०-सीएम, म्हणजे तिकडचं निदानाच्या कोडचं पुस्तक. दरवर्षी १ ऑक्टोबरला नवीन कोड लागू होतात, आणि आता १ एप्रिललासुद्धा बदल येऊ शकतात. ॲडमिट पेशंट असेल तर डिस्चार्जच्या तारखेला जे पुस्तक चालू होतं ते वापरायचं, ओपीडी असेल तर व्हिजिटच्या तारखेचं. हे सांगायचं कारण म्हणजे जुन्या नोट्स. झेरॉक्सच्या झेरॉक्स फिरतात आपल्याकडे, आणि त्यात अजून सीकेडी (क्रॉनिक किडनी डिसीज, किडनीचा जुना आजार) स्टेज ३ ला एन १८.३ असं लिहिलेलं असतंय. तो कोड १ ऑक्टोबर २०२० पासून फुटला. आता एन १८.३० म्हणजे स्टेज ३ पण अ की ब ते सांगितलेलं नाही, एन १८.३१ म्हणजे ३ए, एन १८.३२ म्हणजे ३बी. नुसता एन १८.३ टाकला तर क्लेम तसाच परत येणार.

इथल्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात काम करणाऱ्यांचं पुस्तक वेगळं आहे, त्यांच्यासाठी खाली वेगळं लिहिलंय.

मग चार्ट वाचायचा, पण कुठून

सरळ लॅबवर जाऊ नका. आधी डिस्चार्ज समरी, मग एच अँड पी (ॲडमिशनची हिस्टरी आणि तपासणी), मग नेफ्रोचा म्हणजे किडनीच्या डॉक्टरचा कन्सल्ट, मग रोजच्या प्रोग्रेस नोट्स, आणि लॅब सगळ्यात शेवटी. वाचताना किडनीबद्दल जो जो शब्द येईल तो जसाच्या तसा बाजूला लिहून घ्यायचा, कोणी लिहिला आणि कोणत्या तारखेला ते पण. नर्सच्या नोटमधलं निदान चालत नाही. ॲडमिट पेशंटच्या सोनोग्राफीत मेडिकल रीनल डिसीज असं आलेलं असतं, तेवढ्यावरून काही लावायचं नाही, उपचार करणाऱ्या डॉक्टरने त्याची दखल घेतली पाहिजे. लॅबमधली ॲबनॉर्मल व्हॅल्यू पण तशीच, डॉक्टरने तिला महत्त्व दिल्याशिवाय तिचा कोड होत नाही.

शॉर्टफॉर्म जपून वाचा. एआरएफ म्हणजे ॲक्यूट रीनल फेल्युअर पण होतं आणि ॲक्यूट रेस्पिरेटरी फेल्युअर पण होतं, दोन्हीचे कोड आणि दोन्हीचे पैसे वेगवेगळे. आजूबाजूला व्हेंटिलेटर, ऑक्सिजन, एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) चाललंय का क्रिएटिनिन आणि फ्लुइड चाललंय ते बघा, तरी शंका राहिली तर डॉक्टरला विचारा.

आता शब्दांचे कोड. ॲक्यूट किडनी इंज्युरी (एकेआय, किडनी अचानक बिघडणं) किंवा ॲक्यूट रीनल फेल्युअर, एवढंच लिहिलंय, तर एन १७.९. ॲक्यूट रीनल इन्सफिशियन्सी लिहिलं असेल तर मात्र एन १७ नाही, इंडेक्स तुम्हाला एन २८.९ वर नेतो. ऐकायला सारखंच वाटतं, वजनात खूप फरक आहे. क्रॉनिक रीनल इन्सफिशियन्सी आणि क्रॉनिक रीनल फेल्युअर, स्टेज नाही, दोन्ही एन १८.९. नुसतं रीनल फेल्युअर, ॲक्यूट का क्रॉनिक ते लिहिलेलं नाही, तर एन १९. प्रीरीनल युरेमिया असेल तर आर ३९.२. आणि इंज्युरी शब्द बघून कोणी एस ३७.० कडे जाऊ नका, तो मार लागून किडनी फाटते त्याचा कोड आहे. मारहाण, ॲक्सिडेंट काही नसताना एकेआयला एस ३७.० लावलेला चार्ट शिकाऊ पोरांच्या वहीत हमखास सापडतो.

एकेआय असेल तर

आधी क्लिनिकल बाजू थोडी समजून घ्या, नाहीतर डॉक्टरला विचारणार काय. केडिगोची (किडनीच्या आजारांवर गाइडलाइन काढणारी आंतरराष्ट्रीय संस्था) २०१२ ची व्याख्या सगळीकडे चालते. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ किंवा जास्त वाढलं, किंवा ७ दिवसांच्या आत बेसलाइनच्या दीडपट झालं, किंवा ६ तास लघवी किलोमागे तासाला ०.५ मिलीपेक्षा कमी झाली, यातलं एक असलं तरी एकेआय. यात बेसलाइन हा शब्द लक्षात ठेवा. पेशंटचं क्रिएटिनिन आलं तेव्हा २.१, हे वाईट का चांगलं ते मागचं माहीत असल्याशिवाय कळणारच नाही, ज्याचं वर्षभर २.० आहे त्याला २.१ म्हणजे काहीच नाही, आणि ज्याचं गेल्या महिन्यात ०.९ होतं त्याला २.१ म्हणजे मोठी गोष्ट.

केडिगोमध्ये एकेआयच्या पण स्टेज असतात, १, २, ३. डॉक्टर लिहितात एकेआय स्टेज ३, आणि आपला गडी लगेच एन १८.३० टाकून मोकळा. असं करू नका. एकेआयच्या स्टेजला आयसीडी-१०-सीएममध्ये कोडच नाही. एकेआय स्टेज १ असो वा ३, कोड एन १७.९ च. स्टेजचे कोड फक्त सीकेडीला आहेत.

एन १७ मध्ये खरा फरक कारणावरून पडतो. ॲक्यूट ट्युब्युलर नेक्रोसिस म्हणजे एटीएन (किडनीतल्या बारीक नळ्यांच्या पेशी मरणं) लिहिलं तर एन १७.०. कॉर्टिकल नेक्रोसिस एन १७.१, मेड्युलरी एन १७.२, हे दोन क्वचितच बघायला मिळतात. दुसरं काही विशिष्ट असेल तर एन १७.८. दुय्यम निदान म्हणून एन १७.९ हा सीसी (पैसे वाढवणारा जोडीचा आजार) आहे आणि एन १७.० हा एमसीसी (त्याहून मोठा), म्हणजे एका शब्दाने हॉस्पिटलचा डीआरजी (ज्यावर पैसे ठरतात तो गट) बदलतो, आणि म्हणूनच इन्शुरन्सवाले याच शब्दावर तुटून पडतात. एटीएन खरंच आहे असं कशावरून वाटतं, तर सलाइन देऊनही दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिन खाली येत नाही, लघवीत मडी ब्राउन कास्ट (नळ्यांत तयार झालेले तपकिरी साचे), एफईएनए (लघवीतून जाणाऱ्या सोडियमचं प्रमाण) २ टक्क्यांच्या वर. हे सगळं चार्टमध्ये आहे आणि डॉक्टरने मात्र नुसतं एकेआय लिहिलंय, तर क्वेरी (डॉक्टरला लेखी प्रश्न) पाठवा. उलटंही होतं, डॉक्टर एटीएन लिहितात आणि दुसऱ्या दिवशी सलाइनवर क्रिएटिनिन नॉर्मल, तिथंही क्वेरी लागते, फक्त ती निदान पटण्यासाठीची.

एकेआयमागचं कारणही सोबत कोड करायचं असतं. डिहायड्रेशन असेल तर ई ८६.०. सेप्सिसमुळे एकेआय असेल आणि डॉक्टरने तसा संबंध लिहिला असेल तर ए ४१.९, मग सिव्हिअर सेप्सिसचा आर ६५.२०, मग एन १७.९. बाळंतपणाचा चार्ट असेल तर ओ चॅप्टर आधी बघा, तो सगळ्यांच्या वर बसतो. ऑपरेशननंतर एकेआय झाली म्हणून एन ९९.० लावू नका, ऑपरेशनमुळे झाली असं डॉक्टरने म्हटलं तरच.

सीकेडी असेल तर

सीकेडी म्हणजे तीन महिन्यांहून जास्त टिकलेला बिघाड. ईजीएफआर ९० च्या वर पण किडनीला इजा असल्याचा पुरावा आहे, तर स्टेज १, ६० ते ८९ स्टेज २, ४५ ते ५९ म्हणजे ३ए, ३० ते ४४ म्हणजे ३बी, १५ ते २९ स्टेज ४, १५ च्या खाली स्टेज ५. कोड त्याच ओळीत जातात, एन १८.१, एन १८.२, मग ते तीन फुटलेले, एन १८.४, एन १८.५, आणि ईएसआरडी (शेवटच्या टप्प्याचा किडनीचा आजार) म्हणजे एन १८.६. स्टेज माहीत नाही, एन १८.९.

परत तेच सांगतो कारण इथंच सगळे घसरतात. डॉक्टरने सीकेडी स्टेज ३ लिहिलं, लॅबमध्ये ईजीएफआर ४१ दिसतोय, म्हणजे ३बी झालं ना सर? क्लिनिकली असेल. कोड मात्र एन १८.३०. ईजीएफआरवरून स्टेज ठरवायचा अधिकार कोडरला नाही. ३बी हवं असेल तर डॉक्टरकडून लिहून घ्या, आणि घ्याच, कारण अमेरिकेच्या मेडिकेअर ॲडव्हांटेज या विम्याच्या रिस्क ॲडजस्टमेंटमध्ये (आजार बघून विमा कंपनीला पैसे ठरवायची पद्धत) व्ही-२८ मॉडेल आल्यापासून ३बी चा गट वेगळा आहे आणि बाकीच्या स्टेज ३ चा वेगळा.

स्टेज ५ आणि ईएसआरडी हे दोन्ही शब्द एकाच चार्टमध्ये असतील तर फक्त एन १८.६. सीकेडी आहे आणि कायमचं डायलिसिस चालू आहे असं लिहिलं असेल तरी एन १८.६, कारण तो शब्दप्रयोग त्या कोडखालीच दिलेला आहे.

ओपीडीत प्रॉबेबल सीकेडी, रूल आउट सीकेडी असलं काही असेल तर सीकेडी कोड करायचा नाही, लक्षण किंवा ॲबनॉर्मल रिपोर्ट कोड करायचा. ॲडमिट पेशंटला डिस्चार्जच्या वेळी प्रॉबेबल लिहिलं असेल तर ते आहे असं धरून कोड करायचं. एकच शब्द, दोन ठिकाणी दोन नियम, परीक्षेत तर हमखास.

शुगर आणि बीपी, इथं वेळ द्या

आपल्याकडे घरटी एक शुगरवाला असतो म्हणा, त्यामुळे हे नातं आपल्याला समजावून सांगायची गरज नाही, पण कोडिंगमध्ये त्याला नियमाचं नाव आहे. हायपरटेन्शन आणि सीकेडी दोन्ही चार्टमध्ये असतील तर संबंध आहे असं धरून चालायचं, डॉक्टरने वेगळा लिहिला नाही तरी. म्हणजे आय १० (नुसतं बीपी) लावायचा नाही, आय १२ (बीपी आणि सीकेडी) लावायचा. स्टेज १ ते ४ किंवा स्टेज माहीत नाही तर आय १२.९, स्टेज ५ किंवा ईएसआरडी तर आय १२.०. सोबत एन १८ चा कोड स्टेजसाठी. हा संबंध तुटतो कधी, तर डॉक्टरने स्पष्ट लिहिलं की सीकेडी बीपीमुळे नाही.

डायबेटिसचंही तसंच. टाइप २ आणि सीकेडी, तर ई ११.२२, सोबत एन १८. आणि तिन्ही असतील, शुगर, बीपी, सीकेडी? ई ११.२२, आय १२.९, एन १८.३२, असे तिन्ही कोड. सीकेडी ड्यू टू डायबेटिस असं लिहिलं म्हणजे बीपीचा संबंध तुटला असं होत नाही बरं का, दोन्ही लागतात. ई ११.२२ आणि आय १२ मध्ये पुढे कोण ते ॲडमिशनवर ठरतं, पण एन १८ कायम त्यांच्या मागे, कारण एन १८ खाली कोड फर्स्टची (मूळ आजार आधी लिहा) सूचना दिलेली आहे. इन्सुलिनवर असेल तर झेड ७९.४, गोळ्यांवर असेल तर झेड ७९.८४, हे विसरतात लोक.

चार्टमध्ये डायबेटिक नेफ्रोपथी पण लिहिलंय आणि सीकेडी पण, तर ई ११.२१ आणि ई ११.२२ दोन्ही टाकायची गरज नाही, ई ११.२२ जास्त नेमका आहे.

हार्ट फेल्युअर आत आलं की आय १२ पण गेला. आता आय १३. हार्ट फेल्युअर आहे आणि सीकेडी स्टेज ४ पर्यंत, तर आय १३.०. हार्ट फेल्युअर आहे आणि स्टेज ५ किंवा ईएसआरडी, तर आय १३.२. बीपीमुळे हार्टचा आजार आहे पण फेल्युअर नाही, तर आय १३.१० आणि आय १३.११, त्याच क्रमाने. मग हार्ट फेल्युअरचा प्रकार आय ५० मधून, मग एन १८. म्हणजे एका पेशंटला आय १३.०, आय ५०.३२, एन १८.४ अशी ओळ होते. आय १०, आय ११, आय १२, आय १३ यातला एका चार्टमध्ये एकच राहतो असं डोक्यात ठेवलं की निम्म्या चुका जातात.

आणि हे आवर्जून बघा. वरचा धरून चालायचा नियम सीकेडीला आहे, एकेआयला नाही. बीपी आहे, एकेआय झाली, सीकेडी नाही, तर आय १० आणि एन १७.९, बस. आय १२ आणायचा नाही. बीपीवाली सीकेडी आणि वर एकेआय पण, असं असेल तर आय १२, एन १८ आणि एन १७ सगळे, क्रम ॲडमिशनच्या कारणावर.

डायलिसिस आणि ट्रान्सप्लांट

ईएसआरडी आणि नेहमीचं डायलिसिस, तर एन १८.६ सोबत झेड ९९.२. पण एकेआयसाठी चार दिवस तात्पुरतं डायलिसिस दिलं आणि किडनी परत सुरू झाली, तर झेड ९९.२ लागत नाही, तो पेशंट डायलिसिसवर अवलंबून नाही. पेशंटने डायलिसिस चुकवलं आणि अंगावर पाणी येऊन, पोटॅशियम वाढून ॲडमिट झाला, तर फ्लुइड ओव्हरलोड ई ८७.७०, हायपरकलेमिया ई ८७.५, आणि डायलिसिस न पाळल्याचा कोड झेड ९१.१५ च्या गटातून, त्या गटात चालू वर्षाच्या पुस्तकात जितके अंक दिलेत तितके पूर्ण घ्यायचे.

सीकेडीचा ॲनिमिया डी ६३.१, एन १८ च्या मागे. किडनीमुळे झालेलं सेकंडरी हायपरपॅराथायरॉइडिझम एन २५.८१. डायलिसिसच्या पेशंटला हे दोन बहुतेक वेळा असतात आणि बहुतेक वेळा कोडरच्या नजरेतून सुटतात.

ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटला सीकेडी असू शकते, नवीन किडनी शंभर टक्के चालतेच असं नाही. तेवढ्यावरून कॉम्प्लिकेशन धरायचं नाही. झेड ९४.० (किडनी ट्रान्सप्लांट झालेलं आहे) आणि एन १८ ची स्टेज. रिजेक्शन, फेल्युअर असं डॉक्टरने लिहिलं तरच टी ८६.१ चा गट, टी ८६.११ रिजेक्शन, टी ८६.१२ फेल्युअर, आणि मग झेड ९४.० काढून टाकायचा.

एक चार्ट पूर्ण करून बघू

पेशंट खरा नाही, सरावासाठी बनवलेला आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर काम करणारे ५८ वर्षांचे काका. मे महिना, बाहेर ४२-४३, आत मागाच्या खोलीत त्याहून जास्त, वर पंखा पण लावत नाहीत कारण धागा उडतो. दोन दिवस जुलाब-उलट्या, पाणी पोटात राहत नाही, गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या चालूच. लघवी कमी झाली म्हणून ॲडमिट.

डिस्चार्ज समरीत असं आहे: ॲक्यूट गॅस्ट्रोएन्टेरायटिसमुळे डिहायड्रेशन, त्यामुळे एकेआय ऑन सीकेडी ३बी. टाइप २ डायबेटिस, मेटफॉर्मिन चालू होतं, ॲडमिशनला बंद केलं. हायपरटेन्शन. ॲनिमिया ऑफ सीकेडी. हिस्टरीत लिहिलंय की पेनकिलर घेत होते. क्रिएटिनिन तीन महिन्यांपूर्वी १.८, आले तेव्हा ४.१, मग ३.२, २.४, चौथ्या दिवशी १.९ आणि डिस्चार्ज. सलाइन, लघवीचा हिशोब, नेफ्रो कन्सल्ट.

पहिला प्रश्न, एकेआय पटते का. १.८ चे ४.१, दीडपटीच्या वर, हो. एटीएन विचारायचं का? सलाइनवर भराभर खाली आलं, तीन दिवसांत बेसलाइनजवळ, कास्टचा उल्लेख नाही. एटीएनसाठी क्वेरी टाकण्यासारखं इथं काही नाही, आणि नुसता डीआरजी वाढतो म्हणून टाकू नये. सीकेडी ३बी पटते का, ५८ वर्षांच्या पुरुषाला १.८ क्रिएटिनिनवर २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने ईजीएफआर ४३ च्या आसपास येतो, म्हणजे पटतं, आणि डॉक्टरने स्वतः लिहिलंय, म्हणून कोड.

मुख्य निदान कुठलं. गॅस्ट्रोएन्टेरायटिस ओपीडीत बरा झाला असता, ॲडमिशन किडनीसाठी झालं, नेफ्रो किडनीसाठी आले, चार दिवस लक्ष किडनीवर. म्हणून एन १७.९ पुढे. मग ई ८६.०, के ५२.९ (गॅस्ट्रोएन्टेरायटिस), ई ११.२२, आय १२.९, एन १८.३२, डी ६३.१, झेड ७९.८४.

डायक्लोफेनॅकचं काय? तिथंच गंमत आहे. तुम्हाला मला माहितीय की डिहायड्रेशनमध्ये पेनकिलर म्हणजे किडनीवर घाव, पण डॉक्टरने फक्त घेत होते असं लिहिलंय, त्यामुळे झालं असं लिहिलेलं नाही. म्हणून टी ३९ चा (पेनकिलरचा) कोड लावायचा नाही. हा संबंध आहे का ते विचारणारी क्वेरी मात्र रास्त आहे, आणि उत्तर हो आलं तर गोळी कशी घेतली, सांगितल्याप्रमाणे का स्वतःच्या मनाने इतर औषधांसोबत, यावर ॲडव्हर्स इफेक्ट का पॉयझनिंग ते ठरेल. इथं घाई केलेली अंगाशी येते.

क्वेरी कशी लिहायची

क्वेरी म्हणजे डॉक्टरला उत्तर शिकवणं नाही. एटीएन लिहाल का सर, असं विचारलं की ती क्वेरी बाद. चार्टमधले पुरावे मांडायचे, तारखेसकट, आणि पर्याय द्यायचे. उदाहरणार्थ: १२ तारखेला क्रिएटिनिन ३.९, १४ ला ४.०, १५ ला ४.२, सलाइन चालू, लघवीच्या तपासणीत मडी ब्राउन कास्ट. प्रोग्रेस नोटमध्ये एकेआय लिहिले आहे. तुमच्या क्लिनिकल मताप्रमाणे या एकेआयचं कारण किंवा प्रकार नोंदवावा: एटीएन, प्रीरीनल एकेआय, इतर काही, सांगता येत नाही. पैशाचा, डीआरजीचा, सीसी-एमसीसीचा एक शब्दही नाही.

दुसरी नेहमी लागणारी क्वेरी उलट्या बाजूची. डॉक्टर एकेआय लिहितात, क्रिएटिनिन १.१ चं १.२ झालंय. नियमाप्रमाणे डॉक्टरने निदान लिहिलं म्हणजे कोड लागतो, कोडरने स्वतःच ते खोडायचं नाही. पण हा क्लेम इन्शुरन्स कंपनी परत करणार हे नक्की, म्हणून क्लिनिकल व्हॅलिडेशनला (निदान पुराव्याला धरून आहे का ते तपासायला) पाठवा. तुमच्या कंपनीत सीडीआय टीम (डॉक्टरांच्या नोंदी नीट करून घेणारी) असेल तर त्यांच्याकडे.

सोलापूरच्याच हॉस्पिटलात रेकॉर्ड विभागात असाल तर

तुमच्याकडे डब्ल्यूएचओचं आयसीडी-१० चालतं आणि वरचं अर्धं तिथं लागू नाही. एन १७ चे कोड तेच आहेत, पण एन १८.३ तिथं फुटलेला नाही, आणि एन १८.६ तर नाहीच, डायलिसिसवाला पेशंट एन १८.५ मध्ये जातो. शुगरच्या किडनीला ई ११.२, आय १२.० आणि आय १२.९ चा अर्थही थोडा वेगळा, रीनल फेल्युअर आहे का नाही एवढंच. अमेरिकन कोर्स करून आलेली पोरं इथं एन १८.३२ टाकतात आणि सॉफ्टवेअर घेत नाही म्हणून सॉफ्टवेअरला शिव्या देतात.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत क्लेम करताना जे पॅकेजचे कोड येतात ते आयसीडी नाहीत, ते उपचाराचे कोड आहेत, दोन्ही वेगळ्या रकान्यात भरायचे. आणि आयसीडी-११ १ जानेवारी २०२२ पासून जागतिक पातळीवर लागू झालंय, त्यात ॲक्यूट किडनी फेल्युअर जीबी ६० आणि सीकेडी जीबी ६१ मध्ये, तिथं ३ए आणि ३बी ला मूळ पुस्तकातच वेगळे कोड आहेत.

आता तुम्ही करा

विजापूर रोडच्या ६७ वर्षांच्या मावशी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, ईएसआरडी. बीपी, टाइप २ डायबेटिस इन्सुलिनवर, क्रॉनिक डायस्टोलिक हार्ट फेल्युअर. गड्ड्याच्या यात्रेसाठी पाहुणे आले म्हणून एक डायलिसिस राहिलं, दम लागून ॲडमिट. डॉक्टरने लिहिलं: डायलिसिस चुकल्याने फ्लुइड ओव्हरलोड, हायपरकलेमिया, हार्ट फेल्युअर स्थिर, वाढलेलं नाही. समरीत एका जागी सीकेडी स्टेज ५ पण लिहिलंय.

ओळ अशी येते: ई ८७.७० पुढे, कारण ॲडमिशन त्यासाठी आणि हार्ट फेल्युअर वाढलेलं नाही असं डॉक्टरने स्पष्ट म्हटलंय. मग आय १३.२, आय ५०.३२, ई ११.२२, एन १८.६, ई ८७.५, झेड ९९.२, झेड ७९.४ आणि झेड ९१.१५ च्या गटातला. स्टेज ५ चा एन १८.५ सोडून द्यायचा. जर डॉक्टरने ॲक्यूट ऑन क्रॉनिक हार्ट फेल्युअर लिहिलं असतं तर आय १३.२ पुढे आला असता आणि आय ५०.३२ च्या जागी आय ५०.३३, मग फ्लुइड ओव्हरलोड वेगळा दाखवायचा का यावर दोन ऑडिटर दोन उत्तरं देतात, त्यामुळे तिथं तुमच्या क्लायंटचं गाइडलाइन काढून बघा.